दगडापलीकडचं चिबूड

"चल गो, पाठ फिरव," बापू म्हणाले.

केतकीने पाठ फिरवली आणि ती चालू लागली. भाद्रपदातली सकाळ होती. धुकं इतकं खाली उतरलं होतं की तिच्या फ्रॉकचा पिवळा रंग तेवढा दिसत होता. तो रंग दुधीच्या मांडवाखालून गेला, भेंडीच्या वाफ्याला वळसा घालून फाटकाकडे निघाला. बापू वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून त्याच्याकडे टक लावून बघत होते. मी शेजारच्या जांभ्या दगडाच्या कट्ट्यावर बसले होते. मांडवावरून थेंब गळत होते, तेवढाच आवाज.

फाटकाशी पिवळा रंग थांबला.

"बोलावलं काय गो मागं?" बापूंनी ओरडून विचारलं.

"नाही बापू. नुसता मातीचा वास येतोय. आणि थोडासा बेडकाचा."

"बेडकाला वास असतो व्हय?"

"असतो. तुम्हाला येत नाही म्हणून काय झालं!"

बापू हसले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. "मग उद्या," ते म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण भाद्रपदात धुकं पडलं की मला अजून तो पिवळा रंग चालताना दिसतो.

बापू रेवाळे एसटीत ड्रायव्हर होते. दापोलीहून निघणाऱ्या कितीतरी गाड्या त्यांनी घाटातून सुखरूप नेल्या-आणल्या. निवृत्तीनंतर एकदा मोठा ताप आला, तो उतरला तेव्हा त्यांची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. भाजी करपली तरी कळायचं नाही, अगरबत्ती लावली तरी कळायचं नाही. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. त्याच पावसाळ्यात त्यांची बायको, भागीरथी, गेली होती, आणि त्यापुढे नाक ते काय मोठं! पण मी सांगतेय त्या वर्षी त्यांना नाकाची फार गरज पडली. चिबूड म्हणजे आमच्याकडचं खरबूज. ते पिकलं की नाही, हे बोटाने दाबून बघायचं नसतं, दाबलं की डाग पडतो आणि तिथून ते सडतं. त्याच्याकडे पाठ करून चालू लागायचं. वासाने मागे बोलावलं, की ते पिकलं. हे भागीरथीचं शास्त्र होतं. म्हणून बापूंनी केतकीचं नाक मागून घेतलं होतं.

केतकी शिगवण तेव्हा चौथीत होती. मी तोवर शाळेतून निवृत्त झाले होते, पण आळीतली मुलं मला बाईच म्हणायची आणि मीही त्यांना सोडलं नव्हतं. आळीच्या मागे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने शाळेचा एक पडीक तुकडा होता. तो मागून घेऊन आम्ही सगळ्यांनी मिळून तिथे भाजीची बाग केली होती. मुलं, मोठी माणसं, ज्याला त्याला आपला वाफा. बाग सगळ्यांची म्हटल्यावर नियम आले. ते आम्ही मुलांकडून करून घेतले, आणि फळ्यावर पांढऱ्या रंगाने ते केतकीने लिहिले, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि ती नियमांच्या बाबतीत फार कडक होती. औषध मारायचं नाही. जाळी लावायची नाही, कारण पहिल्याच वर्षी एक भारद्वाज जाळीत अडकला होता आणि त्याला सोडवताना सगळी मुलं रडली होती. ज्या झाडात घरटं होईल, तिथली तोडणी पिल्लं उडेपर्यंत बंद.

आणि पऱ्याच्या बाजूचा लांबलचक पट्टा मुक्यांचा, म्हणजे मुक्या जनावरांचा. त्यात आपण पेरायचं नाही, तिथलं काही घ्यायचं नाही. तिथे कोरांटी होती, तेरडा होता, उंच गवत होतं, आणि तिथून मुंगसं, साळुंक्या, घोरपडी आणि कधी कधी कोल्हे यायचे. आपले वाफे आणि तो पट्टा यांच्यामध्ये जांभ्याचे दगड रोवलेले होते. एकदा केतकीचा भोपळ्याचा वेल दगड ओलांडून पलीकडे गेला आणि पलीकडेच त्याला भोपळा धरला. त्यावर मोठा वाद झाला. मग केतकीनेच तोंड फुगवून निवाडा दिला, "फळ जिथे पिकेल, तिथल्याचं." तो भोपळा साळिंदराने खाल्ला. केतकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने तो नियम फळ्यावर लिहून टाकला.

चिबडाचं बी भागीरथीने लग्नात माहेराहून आणलेलं होतं. दर वर्षी एक फळ बियाण्याला ठेवायचं, त्याचा गर धुऊन बिया राखेत कालवायच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर अंगठ्याने दाबून चिकटवायच्या. पावसाळ्याच्या तोंडाला त्या भिंतीवरून सोलून काढायच्या. भागीरथी गेल्यावर दोन वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांच्या मुलाने घराला रंग दिला. बापू बाजारातून परत आले तेव्हा भिंत घासून गुळगुळीत झाली होती. फडताळामागे हात गेला नव्हता, तिथे राखेचे चार ठिपके राहिले होते. त्यातली एकच बी रुजली.

"दुसरं चिबूड आणा की बाजारातून," आमच्या आळीतले नाचरे म्हणाले होते. त्यांचं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाजारात मिळतं असं त्यांना वाटे. "त्याचंही बी असतंच ना आत?"

"असतं," बापू म्हणाले होते. "पण ते मागं बोलवत नाय."

वेल धरला, पसरला, फुलला. पण त्या वर्षी पाऊस उघडेना. पहिल्या फळांना माशीने डंख मारला आणि ती सुपारीएवढी असतानाच गळून पडली. शेवटी गवतात लपलेलं एक फळ वाचलं. ते मोठं झालं, त्याच्या अंगावर फिकट पट्टे उठले, आणि बापूंचा सगळा जीव त्या एका फळात जाऊन बसला. ते बियाण्याचं फळ होतं. ते गेलं की भागीरथीचं चिबूड या जगातून गेलं.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मुलं तेरडा काढायला आली. पट्ट्यातलं काही घ्यायचं नाही, पण गौरीच्या तेरड्याला बागेच्या सभेने सूट दिलेली होती. वाफ्यांच्या कडेचं गवतही मुलांनी हातासरशी उपटून काढलं. मी कट्ट्यावर बसून जुड्या बांधत होते. थोड्या वेळाने केतकी येऊन माझ्याजवळ उभी राहिली. तिच्या हातात तेरडा नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "पावसात दगड सरकतो का हो?"

"सरकतो की. माती वाहून गेली की सरकतो."

"किती सरकतो?"

"कोणता दगड, त्यावर आहे. कोणता दगड म्हणतेस?"

मी एक जुडी बांधली, दुसरी घेतली. मुलं उत्तर शोधत असतात तेव्हा आपण हात चालू ठेवावेत आणि तोंड बंद, एवढं मला शाळेने शिकवलं होतं. शेवटी तिने माझा पदर धरून मला उठवलं आणि बापूंच्या वाफ्याशी नेलं.

गवत गेल्यामुळे दगड उघडा पडला होता. शेवाळलेला, जमिनीत घट्ट. बापूंचा वेल त्या दगडावरून पलीकडे गेला होता, आणि चिबूड दगडाच्या पलीकडे, मुक्यांच्या पट्ट्यात, हातभर आत निजलं होतं.

"हा सरकलाय का?" मी विचारलं.

केतकीने वाकून दगडाला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. तो हलला नाही. तिने पुन्हा हलवलं.

"नाही," ती म्हणाली.

"मी गवत परत टाकू का त्याच्यावर?" असं तिने विचारलं नाही, पण तिचे डोळे उपटलेल्या गवताच्या ढिगाकडे गेले आणि तिथेच थोडा वेळ थांबले. मग तिने फ्रॉकला हात पुसले आणि ती बापूंना बोलवायला गेली.

दुसऱ्याच संध्याकाळी फणसाखाली सभा भरली. आमच्या सभेत लहान-मोठं असं नव्हतं, माणशी एक हात. पाऊस थांबला होता आणि पऱ्यावरून वाफ वर चढत होती. सगळीकडे असा मऊ, दुधट उजेड होता की माणसं पाण्याखाली बसल्यासारखी वाटत होती.

"यात बोलायचं काय आहे?" नाचऱ्यांनी सुरुवात केली. "एक चिबूड! म्हाताऱ्या माणसाचं. वेल त्यांचा, मेहनत त्यांची. उचला आणि द्या. आणि उचलायचं नसेल तर वेल ओढून घ्या अलीकडे."

"ओढला तर देठ सुटेल," बापू खाली मान घालून म्हणाले. "कच्चं हाय अजून. बी भरलेलं नाय."

"मग जाळी टाका त्याच्यावर."

"जाळी नाही!" चार-पाच मुलं एकदम ओरडली.

"बरं, टोपली. टोपली पालथी घाला."

"पट्ट्यातलं काही झाकायचं नाही," एक मुलगा म्हणाला आणि सगळ्यांनी केतकीकडे बघितलं.

केतकी फळ्याला टेकून उभी होती.

"काय शिगवणबाई?" नाचरे म्हणाले. "नियम तुमचा. तुम्ही म्हणालात तर एवढ्यापुरता मोडू. देव काही रागावणार नाही."

"माझा भोपळा दिला होता मी," केतकी म्हणाली.

"भोपळ्याचं काय घेऊन बसलीस!"

"तेव्हा तुम्हीच म्हणालात, नियम म्हणजे नियम. तुम्ही हसत होतात." ती फळ्यापासून पुढे आली. "आणि आता मला बापूंचं चिबूड द्यायचंय. पण मग माझा भोपळा का नाही दिलात?"

नाचरे खाकरले. मला माझं मत होतं, पण ते मी त्या दिवशी मांडलं असतं तर पुढच्या सगळ्या सभा माझ्या तोंडाकडे बघत बसल्या असत्या.

"हात वर करा तर मग," नाचरे म्हणाले. "चिबूड बापूंना, असं ज्यांना वाटतं त्यांनी."

हात वर होऊ लागले. आधी मोठ्यांचे, मग बिचकत मुलांचे. केतकीने आपला हात अर्धा उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला.

"झालं!" नाचरे खूष होऊन म्हणाले. "आता विरुद्ध कोण? कोल्होबा तर सभेला आलेले नाहीत. त्यांचा हात कोण वर करणार?"

सगळे हसले. आणि त्या हसण्यातच बापूंनी आपला हात वर केला.

तो हात गिअरचा दांडा धरून धरून वाकडा झालेला होता, तो पूर्ण सरळ होत नसे. पण त्यांनी तो होता तितका वर केला आणि तसाच ठेवला. हसणं हळूहळू विझलं. केतकीने त्यांच्याकडे बघितलं आणि आपला हात खाली घेतला. मग एकेक करून सगळ्यांचे हात खाली आले. नाचऱ्यांचा शेवटी.

"अहो बापू," नाचरे हळू आवाजात म्हणाले, "तुमचंच आहे ना ते?"

"तिकडं पिकलं तर त्याचं," बापू म्हणाले. "फळ्यावर लिवलंय."

त्यानंतरही आमचा सकाळचा नेम मोडला नाही. बापू दगडाच्या अलीकडे बसायचे, केतकी पाठ फिरवून चालायची. फरक एवढाच, की आता दोघांनाही ते पिकू नये असं वाटत होतं. केतकी मुद्दाम सावकाश पावलं टाकायची. कधी म्हणायची, "आज काकडीसारखा वास आहे." कधी म्हणायची, "आज पाटीवर पाणी टाकल्यासारखा." बापू प्रत्येक वास नीट ऐकून घ्यायचे, जणू ती त्यांना कुठल्यातरी दूरच्या गावाची खबर सांगत होती.

एकदा त्यांनी तिला विचारलं, "गो, खाली थोडा पेंढा सरकवला तर चालंल काय? ओल लागून सडंल ते."

केतकीने खूप विचार केला. "कोल्ह्यासाठी सरकवताय की तुमच्यासाठी?"

"त्येच्यासाठी. सडकं कशाला द्यायचं?"

"मग चालेल," केतकी म्हणाली. आणि दगडावरून वाकून दोघांनी मिळून, फळाला धक्का न लावता, खाली पेंढा सारला.

अनंत चतुर्दशी झाली. धुकं विरळ झालं होतं. त्या सकाळी केतकी चालू लागली, मांडवाखालून गेली, भेंडीशी पोचली, आणि थांबली. तिने वळू नये म्हणून दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या. आणखी एक पाऊल टाकलं. मग खांद्याला कुणी हात लावावा तशी ती वळली.

तो वास मलाही आला. त्याला गोड म्हणता येणार नाही. तापवलेलं दूध, नवं कापड, पेटीत ठेवलेली सुकी फुलं, यांतलं थोडं थोडं होतं त्यात. मला कारण नसताना माझ्या आईच्या हातांची आठवण झाली.

"बापू," केतकी तिथूनच म्हणाली. ती रडत होती. "मला नव्हतं वळायचं."

"ठावं हाय गो मला," बापू म्हणाले. "ये. बस हितं."

आम्ही तिघं दगडाच्या अलीकडे बसून राहिलो. चिबडाच्या पाठीवर केसाएवढी एक चीर पडली होती आणि ती बघता बघता रुंद होत होती. दोन फुलपाखरं आली. मग मुंग्या आल्या. बापूंनी एकदा हात पुढे केला. मला वाटलं, घेतात आता. पण त्यांनी वेलाचं एक पिवळं पान तोडून बाजूला ठेवलं, एवढंच. ते पान दगडाच्या अलीकडचं होतं.

संध्याकाळी मी एकटीच पुन्हा गेले. का गेले ते सांगता येणार नाही. सूर्य काजूच्या टेकडीमागे उतरला होता आणि पऱ्याचं पाणी तेरड्याच्या रंगाचं झालं होतं. तेरड्यात कोल्हा उभा होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, पायांनी बारीक, आणि अंगाने सुकलेल्या गवतासारखा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. मग तोही, आपल्याला इथे यायचं बोलावणं आहे अशा थाटात, सावकाश पुढे आला आणि त्याने चिबडात तोंड घातलं.

सकाळी पेंढ्यावर साल तेवढी उरली होती. बापूंनी ती बघितली, पण उचलली नाही. केतकी शाळेत गेली होती. ते माझ्या शेजारी कट्ट्यावर येऊन बसले.

"सगळं खाल्लं," मी म्हणाले. "बियांसकट."

"बरं झालं. खाल्लंच पायजे." थोडा वेळ त्यांनी पऱ्याकडे बघितलं. "बाई, आपली पयली सभा आठवते तुम्हाला? त्यात कोण म्हनालं हुतं, पऱ्याकडचा पट्टा मुक्यांना सोडा म्हणून?"

मी आठवू लागले. आणि आठवलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण आतापर्यंत तो नियम मुलांचाच असं मी धरून चालले होते. "तुम्हीच म्हणाला होतात."

"मी न्हवतो म्हनत. भागी म्हनत हुती." ते हसले. "गावाकडं आमचा मळा हुता लहानसा. पयलं चिबूड पिकलं की ही उचलून वईच्या, कुंपनाच्या भायर ठेवायची. कोल्ह्याला. मी चिडायचो. मी तिला काय म्हनायचो ठावं हाय? कोल्ह्याची सासू. म्हनायचो, चालली बघा जावयाला वाढायला." त्यांनी डोळे मिटून घेतले. "ती म्हनायची, त्येचं त्येला आधी द्यावं, मग आपलं आपल्याला गोड लागतं. मी कदी ऐकलं नाय तिचं. ती गेल्यावर सभेत ऐकलं."

मांडवावरून एक थेंब त्यांच्या हातावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

"तिचं बी ठेवायचं तर तिचा सबूद मोडायचा," ते म्हणाले. "कसं ठेवू?"

पुढच्या ज्येष्ठात सगळ्यांनी वाफे खणले, बापूंनी आपला वाफा मोकळाच ठेवला. मुलांनी भेंडीचं बी आणून दिलं, नाचऱ्यांनी दुकानातून कुठलं कुठलं पाकीट आणलं. "बघू," बापू म्हणायचे. पण त्यांनी काही पेरलं नाही. ते रोज यायचे, दुसऱ्यांच्या वाफ्यांतलं गवत काढायचे आणि आपल्या रिकाम्या वाफ्याच्या कडेला बसायचे.

आषाढात एकदा केतकी धावत माझ्या घरी आली, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. "बाई, चला! आत्ता चला!"

पऱ्याकाठी, मुक्यांच्या पट्ट्यात, कोल्ह्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रोपं उगवली होती. एक कोरांटीच्या बुंध्याशी, दोन वाळलेल्या ओंडक्याजवळ, आणखी पुढे दगडांत. गोल, खरबरीत पानांची. मुलं हातांची घडी घालून दगडाच्या अलीकडे रांगेत उभी होती. कुणीही पलीकडे पाय टाकला नव्हता.

बापू आले. त्यांनी बराच वेळ बघितलं. "कोल्हा तर बरा पेरतो की," ते म्हणाले, आणि दगडाच्या अलीकडे उकिडवे बसले.

"पण ती पट्ट्यातली आहेत," केतकी घाईघाईने म्हणाली. "ती त्यांची आहेत, बापू."

"त्येंचीच. मी कुठं काय म्हनलो?"

पट्ट्यात झाडी दाट होती, ऊन कमी. वेलांना उजेड पाहिजे असतो आणि पसरायला जागा. त्या सगळ्या बागेत उघडी, उन्हाची, रिकामी जागा एकच होती. श्रावणात कोरांटीजवळच्या वेलाने तिकडे तोंड केलं. रोज तो थोडा पुढे यायचा. मुलं शाळेतून आली की आधी तो कुठवर आला ते बघायची. कुणी त्याला हात लावत नसे. एका दुपारी त्याचा शेंडा दगडावर चढला आणि तिथे, मान वर करून, थांबून राहिला. दुसऱ्या दिवशी तो बापूंच्या वाफ्यात उतरला होता.

"कुनी वळवला काय गो ह्येला?" बापूंनी विचारलं.

"वेलालाच विचारा," केतकी म्हणाली.

भाद्रपदात त्या वाफ्याच्या मधोमध एक चिबूड पिकलं. दगडाच्या पूर्ण अलीकडे. नाचऱ्यांनी दोरी लावून मोजायची हौस भागवून घेतली. कोल्ह्याच्या बाजूने कोण बोलणार, असंही त्यांनी विचारलं, तेव्हा केतकी फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "फळ जिथे पिकेल, तिथल्याचं," आणि तिचं तोंड इतकं फुललं होतं की तिला ते मिटताच येईना.

फळ कापायला बापूंनी सुरी तिच्या हातात दिली. तिने ते मधोमध कापलं आणि एक अख्खं अर्धं उचलून दगडापलीकडे ठेवायला निघाली.

"अगो, एवढं नको!" बापू ओरडले. "एक फोड ठेव. कोल्हा काकडीला राजी!"

सगळे पोट धरून हसले. नारळाचं दूध आणि गूळ घालून आम्ही ते चिबूड तिथेच फणसाखाली खाल्लं. बापूंना त्याचा वास आला नाही, पण त्यांनी फोड जिभेवर धरून ठेवली आणि बराच वेळ गिळली नाही. मग बिया धुतल्या, राखेत कालवल्या, आणि अवजारांच्या खोलीची भिंत मुलांना मोकळी करून दिली. लहान लहान अंगठे भिंतीवर उठत गेले. बापूंनी सगळ्यात शेवटी एकच बी लावली, वर, कुणाचा हात पोचणार नाही अशी. ती भिंत अजूनही दर वर्षी तशीच ठिपक्यांनी भरते. केतकी आता परगावी असते, पण भाद्रपदात तिचा मला फोन येतो आणि ती विचारते, बाई, बोलावलं का?

त्या दिवशी मुलं गेल्यावर आम्ही तिघं शेवटी निघालो. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. बापू पुढे, त्यांच्यामागे केतकी रिकामं पातेलं घेऊन, मागे मी. दुधीच्या मांडवाखालून गेलो, भेंडीला वळसा घातला. फाटकाशी पोचल्यावर बापू थांबले आणि वळून वाफ्याकडे बघू लागले.

"काय झालं?" केतकीने विचारलं. "वास आला?"

"मला कुठला यायला वास?"

"आणि चिबूड तर संपलंसुद्धा."

"व्हय की."

"मग वळलात कशाला?"

बापू अजून तिकडेच बघत होते.

"उगाच," ते म्हणाले.